भोंगा

कॉर्नरवरून चेंडू उठला तेव्हा तिने गोलरेषा सोडली. झपाझप ती गर्दीपाशी पोहोचली, गुडघा वर घेतला, हात उंचावले आणि तोंड उघडलं. चेंडू तिचाच होता. मैदानावरच्या प्रत्येकीला ते दिसत होतं. दिसत नव्हतं ते फक्त कॅप्टनला, कारण कॅप्टनची तिच्याकडे पाठ होती. पाठमोऱ्या माणसाला कानांवरच विसंबावं लागतं, आणि कॅप्टनच्या कानांवर काहीच पडलं नाही.

दोघी हवेतच एकमेकींवर आदळल्या. चेंडू तिच्या कोपराला लागून जाळ्यात गेला. कॅप्टन गवतावर बसून ओठ चाचपू लागली. बोटं लाल झाली.

"अगं, ओरडायचं ना," कॅप्टन म्हणाली. रागाने नाही. रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं.

"ओरडले."

"कुठे? मनातल्या मनात?"

मुली हसल्या. तीही हसली, आणि हातमोज्याचा पट्टा उगाचच सोडून पुन्हा आवळला. सरांनी टोपी काढली, टोपीच्या आत पाहिलं, पुन्हा घातली. मनासारखं काही झालं नाही की ते एवढंच करायचे. हंगामाआधीच्या या मधल्या आठवड्यांत त्यांचं एक वाक्य ठरलेलं असायचं : आत्ता चुका फुकट आहेत, हव्या तेवढ्या करून घ्या, सामने सुरू झाले की प्रत्येक चूक गोल होऊन अंगावर येईल. पण हे वाक्य त्यांनी आज उच्चारलं नाही. चूक करणारीला ते 'चुकलीस' म्हणत. गप्प राहणाऱ्या गोलकीपरला काय म्हणायचं, हे बहुधा त्यांनाही सुचलं नसावं.

मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडून आवाज येत होता. "कीपर! माझा! डावी धर, डावी! झोपलीस का गं?" आवाज कसला, कारखान्याची पाळी सुटल्यासारखा. तिकडे गोलात उभी असलेली मुलगी अंगाने एवढीशी होती, पण सगळ्या तिला भोंगा म्हणायच्या.

गेल्या हंगामाच्या आधीपर्यंत भोंगा ही होती, इकडच्या गोलातली. बाळंतपणानंतर परतली तेव्हा पहिल्याच दिवशी दारात कुणीतरी हाक मारली, "भोंग्या!" आणि ती ओ देऊन वळली, तर हाक तिच्यामागून येणाऱ्या त्या मुलीला होती. तिला आता सगळ्या ताई म्हणत. आदराने म्हणत, म्हणून तक्रार करायलाही जागा नव्हती.

*

घराचं दार तिने नेहमीसारखं उघडलं : किल्ली मुठीत धरून, कडी बोटाने दाबून, फळी थोडी उचलून. आत सासूबाई ओठांवर बोट ठेवून उभ्याच होत्या.

"आत्ताच डोळा लागलाय," त्या ओठांच्या हालचालीनेच म्हणाल्या.

सासूबाईंची सगळी नोकरी वाचनालयात गेली होती. त्यांच्या एका 'शू'ने भरलेली अभ्यासिका चिडीचूप व्हायची, असं त्यांचा मुलगा अभिमानाने सांगायचा. नात झाल्यावर त्यांनी ती विद्या घरात आणली. खुर्च्यांच्या पायांना बनातीचे तुकडे चिकटवले. बिजागऱ्यांना तेल दिलं. भांडी दुपट्यावर पालथी पडू लागली. दारावरच्या घंटीच्या टोल्याला तर त्यांनी स्टुलावर चढून मऊ फडकं गुंडाळलं होतं. बाहेर कुणी बटण दाबलं की आत एखाद्याने चोरून उचकी द्यावी तसं काहीतरी व्हायचं. दूधवाला हल्ली बटण दाबायचाच नाही, जिन्यातून खाकरायचा.

एवढं करूनही ठमीची झोप पाखरासारखी. कागद सरकला की जाग. कुणाचा गुडघा वाजला की जाग. मग सासूबाई आणखी एखादा आवाज शोधून काढत आणि त्यालाही फडकं गुंडाळत. परवा त्यांनी भिंतीवरचं घड्याळ उतरवून कपाटात ठेवलं होतं.

तिने बूट हातात घेतले आणि टाचा उचलून आत गेली. तीही शिकली होती. शिंक गिळायला शिकली होती, हसू नाकात अडवायला शिकली होती. सासूबाईंनी ठमीचं सगळं अंगावर घेतलं होतं म्हणून तर ती मैदानावर जाऊ शकत होती. त्यांच्याकडे कुठल्या तोंडाने म्हणणार, की आई, तुमच्या घरात माझा आवाज हरवला?

संध्याकाळी नवरा कामावरून आला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि दिवसभर घरघरीत काढल्यावर घरी आल्यावर त्याचे कान शांततेने वाजायचे, असं तोच म्हणायचा. ती स्वयंपाकघरात हातमोज्यांचा जोड कोमट पाण्यात बुडवून बसली होती. नवे मोजे मऊ झाले नाहीत तर चेंडू धरत नाहीत.

"आज कॅप्टनचा ओठ फोडला मी," ती कुजबुजली.

"का गं? भांडलात?"

"तोंडातून आवाजच निघेना."

"घसा दाखव डॉक्टरांना."

"घशाला काही झालेलं नाही. तोंड उघडलं की आत कुणीतरी शू म्हणतं."

तो तिच्या कानाशी येऊन म्हणाला, "चल माझ्याबरोबर. लिफ्टच्या खड्ड्यात उतरवतो. हवं तेवढं ओरड. आधी लिफ्ट बंद करीन, काळजी करू नकोस."

"तुला मस्करी सुचतेय."

"मग काय करू? भांडू?"

भांडताही येत नव्हतं. कुजबुजत भांडायचं म्हणजे पाण्यात लाथा मारायच्या. लागत कुणालाच नाही, दमतात मात्र दोघं. तिला हसू आलं. नाकात अडवता अडवता त्यातलं थोडं निसटलं, आणि आतल्या खोलीतून "अं" ऐकू आलं. दोघंही श्वास रोखून थांबले, तिची बोटं पाण्यात तशीच.

*

दिवस तुकड्यातुकड्यांनी येत होते. सकाळी वजनं, मग पोटाचे स्नायू दाबून बघणारी फिजिओ, मग ठमीची लस, मग धावत बस. संघाचा फोटो काढायचा म्हणून एका दुपारी सगळ्यांनी केस विंचरले. फोटोत कोणत्या कीपरने मध्ये बसायचं हे ठरेना, तेव्हा सरांनी दोघींनाही दोन टोकांना बसवलं. नवी जर्सी अजून कुणाला मिळाली नव्हती. कपडे बदलायच्या खोलीतल्या खुंट्या रिकाम्या होत्या, आणि पहिल्या, म्हणजे मुख्य कीपरच्या, खुंटीकडे न बघता तिथून बाहेर पडणं तिला जमत नव्हतं. हे आठवडे भराभर जावेत असं वाटायचं, आणि ते गेले तर आपलं काय, असंही वाटायचं.

सराव संपल्यावर एकदा भोंगा तिच्याशेजारी येऊन बसली आणि बुटांची लेस सोडवत म्हणाली, "ताई, एक विचारू? तुला माझा राग येतो?"

"कशाबद्दल?"

"मला तूच शिकवलंस ओरडायला. आणि आता..."

तिने शिकवलं होतं खरं. ठमी पोटात असताना, धावायची बंदी झाल्यावर, ती या गोलामागे प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायची. ही मुलगी तेव्हा 'कीपर' असं म्हणायची, की जणू वर्गात पाणी प्यायला जायची परवानगी मागतेय. "हुकूम दे, विनंती नको!" ती खुर्चीतून गर्जायची. "असं!" आणि स्वतः ओरडून दाखवायची. दिवस भरत आले तरी ती येत राहिली. तिचा आवाज चढला की पोटातली चुळबुळ एकदम थांबायची. घाबरली बिचारी, असं तिला वाटायचं. ती पोटावर हात फिरवून सॉरी म्हणायची, आणि पुन्हा ओरडायची.

"राग नाही गं," ती म्हणाली. "तू चांगली खेळतेस."

"काय?" भोंगाने विचारलं. "ऐकू नाही आलं, ताई."

त्याच दिवशी सरांनी तिला थांबवलं. जाळ्याला पडलेलं भोक ते सुतळीने बांधत होते.

"तुझे हात आहेत तिथेच आहेत," ते म्हणाले. "उडी थोडी कमी झालीय, ती येईल. पण मागून आवाज नसला तर माझा बचाव आंधळा होतो."

"माहीत आहे, सर."

"गप्प कीपर म्हणजे नुसतं जाळं. जाळं माझ्याकडे आहे, हे बघ." त्यांनी गाठ आवळली. "रविवारी आपापसात सामना ठेवलाय. त्यानंतर मला ठरवावं लागेल. आवाज घेऊन ये."

घरी गेल्यावर तिने न्हाणीघराचा नळ पूर्ण सोडला, टॉवेल तोंडाशी धरला आणि ओरडून पाहिलं. जे निघालं ते एखाद्याने शेजारणीला हळूच विचारावं तसं होतं, आहात का घरी? दारावर नखाने टकटक झाली.

"नळ जरा बारीक करतेस का?" सासूबाई बाहेरून म्हणाल्या. "चाळवतेय ती."

*

रविवारी सामना सुरू होऊन थोडाच वेळ झाला होता. तिच्या गोलात एक चेंडू आधीच गेला होता, कुणी कुणाला सांगितलं नाही म्हणून गेलेला, आणि कॅप्टन ओठावरची खपली चाटत तिच्याकडे बघून पुन्हा पुढे वळली होती. तेवढ्यात फाटकातून सासूबाई आत आल्या. एका हातात छत्री उन्हासाठी, दुसऱ्या हाताने बाबागाडी ढकलत. गवतावर चाकं वाजू नयेत म्हणून इतक्या बेताने, की जणू अभ्यासिकेतूनच चालल्या आहेत.

गोलखांब सोडून ती कडेला धावली.

"काय झालं, आई?"

"काही नाही गं. वरच्यांनी ड्रिल लावलंय. सगळी फरशी उखडतायत. हिची झोप मोडेल म्हणून घेऊन निघाले."

"उठली का?"

"उठली नाही. पण उठली असती." सासूबाईंनी गाडीवरचं पांघरूण बोटभर वर केलं. "मी इथे गोलामागे बसते. तुमचं चालू दे. फक्त जरा..." आणि त्यांचं बोट आपसूक ओठांवर गेलं.

बातमी बचावफळीत पसरली. कॅप्टनने हात हलवून बाकीच्यांना खुणावलं आणि तोंडाने नुसताच आकार केला : बाळ. झोपलंय. मग त्या टोकाला एक चमत्कारिक खेळ सुरू झाला. मुली एकमेकींना टाळ्या न वाजवता हातवारे करू लागल्या. एकीला पायावर लाथ बसली तर ती 'आई गं' कुजबुजली. पलीकडच्या टोकाला भोंगा भोंग्यासारखी वाजत होती, आणि इकडच्या टोकाला शोकसभा.

मागे वळून बघायचं नाही असं तिने ठरवलं, आणि बघितलं. जुनी प्लास्टिकची खुर्ची अजून तिथेच होती. त्यावर सासूबाई बसल्या होत्या, एक हात गाडीवर.

कॉर्नर मिळाला, पलीकडच्यांना. सर कडेला उभे होते, टोपी हातात. चेंडू उठला आणि वाऱ्यावर थोडा आत वळला. कॅप्टन पाठमोरी मागे सरकत येत होती, मान वर, पावलं आंधळी. तिचा फुटका ओठ पुन्हा याच रस्त्यावर होता. तिने गोलरेषा सोडली. आत कुणीतरी शू म्हणालं. आणि तिला कॅप्टनच्या मानेवरचा घाम दिसला, इतक्या जवळून.

"कीपर!"

तो शब्द तिच्या तोंडातून निघाला की तळपायातून, तिला कळलं नाही. कॅप्टन ठेच लागल्यासारखी खाली वाकली. चेंडू दोन्ही हातांत बसला, छातीशी आला, आणि ती गवतावर पडली. वरून, कुंपणापलीकडच्या झाडातून, पाखरं उडाली.

चेंडू घट्ट धरून ती तशीच पडून राहिली. आता मागून रडणं येईल. आता. मग ती वळली.

सासूबाईंचं बोट ओठांकडे निघालं होतं आणि वाटेतच, हनुवटीपाशी, थांबलं होतं. त्या तिच्याकडे पाहत होत्या. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच ऐकलेल्या बाईकडे बघावं तसं. गाडीतून एक इवलासा हात बाहेर लोंबत होता, मूठ उघडी. तोंडही उघडं. ठमी झोपली होती. नेहमीसारखी पापण्या थरथरवत नाही. पोतं टाकावं तशी.

"ताई," कॅप्टन खाली वाकल्यावाकल्याच म्हणाली, "पुढच्या वेळी कानात नको."

"उठ! वर सरका!" ती ओरडली. "वर, वर, सगळ्या! तू नऊ नंबर धर! बघत काय बसलीस?"

मग तिला थांबवता येईना. जे दिसेल ते ती सांगू लागली, जे दिसत नव्हतं तेही. उजवीकडचीला ती डावीकडे पाठवत होती, दमलेल्यांना शिव्यांच्या अलीकडचं काहीतरी ऐकवत होती, आणि मधेच एकदा उत्साहाच्या भरात इतकी पुढे आली की डोक्यावरून टपली मारावी तसा चेंडू मागे रिकाम्या जाळ्यात जाऊन पडला. मैदानभर हशा पिकला.

"फुकट!" सर कडेवरून ओरडले.

ती जाळ्यातून चेंडू काढायला गेली. छाती भात्यासारखी चालली होती. हे आठवडे संपले की असा गोल पुन्हा हसण्यावारी जाणार नव्हता. अजून थोडे दिवस होते. तिने चेंडू उचलला, आणि लांब, नेहमीपेक्षा लांब, लाथाडला.

शिट्टी वाजली. मुली पाण्याच्या बाटल्यांपाशी गोळा झाल्या, आडव्या पडल्या, कुणीच बोलेना. मैदान शांत झालं.

आणि त्या शांततेत ठमी जागी झाली. आधी 'अं', मग पूर्ण रडं. सासूबाईंनी तिला उचललं, खांद्यावर घेतलं, आणि बराच वेळ त्या गप्प झालेल्या मैदानाकडे बघत थोपटत राहिल्या. थोपटता थोपटता त्यांचा हात मध्येच थांबला, मग पुन्हा चालू झाला.

सर तिच्याशेजारून गेले. भोंगाही तिथेच होती, तिची लेस सुटलेली.

"घसा जप," सर तिला म्हणाले. "पुढच्या आठवड्यात लागेल."

आणि ते शिट्टीचा दोरा बोटाभोवती गुंडाळत निघून गेले. लागेल म्हणजे कुठे, गोलात की बाकावर? बाकावरचा कीपरही ओरडतोच. तिने भोंगाकडे पाहिलं, भोंगाने तिच्याकडे.

"मला काय बघतेस, ताई? मलाही काल तेच म्हणाले," भोंगा म्हणाली.

*

संध्याकाळी वरचं ड्रिल थांबलं होतं. नवरा एका इमारतीत अडकलेली लिफ्ट सोडवायला गेला होता. ती न्हाणीघरात मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या करत होती. घसा पार बसला होता. थुंकताना खरवडल्यासारखं होत होतं. आतल्या खोलीत ठमी नुकतीच निजली होती. बाहेर स्टूल सरकल्यासारखं वाटलं. बनातीमुळे नक्की कळलं नाही. मग दार लागल्यासारखं.

आणि घंटी वाजली.

खणखणीत, लांबलचक, सगळं घर भरून. कित्येक महिन्यांत या घरात एवढं मोठं काही वाजलं नव्हतं. पेला तिच्या हातातून बेसिनमध्ये पडला, तोही वाजला. ओल्या हातांनी ती आधी पाळण्याकडे धावली. ठमीने एकदा ओठ चोखले, मान दुसऱ्या कुशीवर टाकली, आणि तिचा श्वास पुन्हा खोल गेला.

ती दारापाशी आली. भिंतीला लावून स्टूल उभं होतं. वर टोला उघडा.

दार उघडलं तर बाहेर सासूबाई. पायात काही नाही, कमरेला किल्ल्या, आणि हातात ते फडकं, धुळीने काळं पडलेलं.

"वाजते का बघत होते," त्या म्हणाल्या. कुजबुजल्या नाहीत.

"वाजते," ती म्हणाली. फाटक्या आवाजाने, पण ऐकू गेलं.

सासूबाईंनी मान हलवली. फडक्याची घडी केली, काखेत धरली, आणि आत येण्याआधी हात लांब करून पुन्हा एकदा बटण दाबलं.